सोफ्यामागची काच

सोफा नेणारी माणसं गेली आणि बैठकीची खोली एकदम परकी वाटायला लागली. अमेरिकेतल्या चँडलर शहरातल्या या भाड्याच्या घरात आम्ही बारा वर्षं काढली. नवरा नव्या नोकरीसाठी पुढे गेला आहे, मुलगी बॉस्टनच्या बाजूला कॉलेजात आहे, आणि मी फडकं घेऊन मागच्या अंगणाच्या काचेच्या दारासमोर एकटीच उभी होते. उद्या चाव्या द्यायच्या. त्याआधी आज पाच वाजता घरमालकाकडची बाई घर तपासायला येणार होती.

दार दोन काचांचं. एक काच सरकते, दुसरी जागची हलत नाही. न हलणाऱ्या काचेला टेकून इतकी वर्षं सोफा होता, त्यामुळे तिला खालचा अर्धा भागही आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. मी सुरुवात सरकत्या काचेपासून केली. फवारा मारला, फडकं फिरवलं आणि ओल्या काचेतून एक वास वर आला. नेलपॉलिशसारखा, थोडा गोडसर, नाकात चढणारा. मार्करचा वास. मी एक पाऊल मागे सरले. सात वर्षं झाली तरी या वासाने सरतेच. मला गणिताची भीती वाटते हे वाक्य मी वर्तमानकाळात लिहिते आहे, आणि पोटापाण्यासाठी मी इंजिनिअर आहे.

हे दार म्हणजे एका वर्षापुरता आमचा फळा होता.

वर्क परमिट हातात पडलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. दिवसा एका डेकेअरमध्ये लहान मुलं सांभाळायचे, आणि शनिवारी कम्युनिटी कॉलेजात जायचे. इंजिनिअरिंगच्या पदवीला सरळ प्रवेश मिळू शकत नाही अशा माझ्यासारख्यांसाठी तिथे वर्षभराचा एक तयारीचा कोर्स होता. बाकीचे विषय ओढूनताणून जमले असते. गणिताचं तसं नव्हतं. गणितात पास झालं तर पुढे पदवीची जागा, नापास झालं तर कोर्स संपला, पुन्हा बसता यायचं नाही. पहिल्या दिवशी हे नियम वाचून दाखवले तेव्हा वर्गातली वीस वर्षांची पोरं च्युइंगगम चघळत होती आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नवऱ्याची शिफ्ट विचित्र वेळांची. मग शिकवणार कोण? आमची मुलगी, मैत्री. तेरा वर्षांची, आठवीत, हडकुळी, दातांना तारा. ती तीनला शाळेतून यायची, मी साडेचारला. मी चपला काढायच्या आत ती मार्कर घेऊन दाराशी उभी असायची, आणि रोज पहिलं वाक्य ठरलेलं:

"आई, इट्स ईझी."

त्या दोन शब्दांनी मला घाम फुटायचा. जे या पोरीला सोपं आहे ते मला चार चारदा सांगूनही कळत नाही, म्हणजे माझ्या डोक्यात दगड भरलेत असं वाटायचं. इथली मुलं हुशार, इथल्या शाळा चांगल्या, असं मी मनाची समजूत घालायचे आणि स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून काचेसमोर बसायचे.

त्या संध्याकाळींचे आवाज मला अजून लागोपाठ आठवतात. एसीची घरघर. काचेवर मार्करची किरकिर. बाहेर कुंपणाच्या कडेने लावे पक्षी आपल्या पिल्लांना घेऊन एका रांगेत जायचे, त्यांचं ते बारीक कुकुक. कुकरची शिट्टी झाली की मैत्री गणित मध्येच थांबवून "वन," म्हणायची, मग "टू," आणि तिसऱ्या शिट्टीला मी उठायचे. माझ्या तासाची लांबी तीन शिट्ट्या आणि वर एक चहा एवढी होती. मार्चमध्ये शेजारच्या संत्र्याला बहार यायचा आणि दार जरा सरकवलं की तो वास आत घुसायचा. त्या वासाने मी इथे बसल्या बसल्या माझ्या गावी, काटोलला जाऊन पोचायचे.

काटोलला आमच्या घराच्या मागे दुसऱ्याची संत्र्याची बाग होती. बाबा वीज मंडळात लाइनमन. संध्याकाळी खांबांवरून उतरून घरी आले की त्यांच्या हातांना गंजाचा आणि रबरी हातमोज्यांचा वास यायचा. हात धुवायचे, बुद्धमूर्तीपुढे आम्ही वंदना म्हणायचो, आणि लगेच पाटी. पाढे मोठ्याने म्हणायचे असा दंडक होता. तेरा नवे सतरोदरसे म्हणताना त्यांचा गळा अशा काही तालात वर जायचा की शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून पुढची ओळ म्हणायची. मग ते गणित घालायचे. चुकलं की रागवायचे नाहीत, ओलं फडकं पुढे करायचे.

"पूस. नीट पूस. बरोबर आलं की मग दाखवायचं," म्हणायचे. "चुकलेलं कोणाला दिसता कामा नये. तू चुकलीस की तू एकटी चुकत नाहीस बाई, आपली अख्खी वस्ती चुकते."

ते असं का म्हणत हे मला शाळेत गेल्यावर कळलं. फळ्यापाशी उभं केल्यावर माझा हातचा चुकला की गुरुजी खडू खाली ठेवायचे आणि वर्गाकडे बघून नुसते हसायचे. काही बोलायचे नाहीत. बोलायची गरज नव्हती, पुढच्या बाकांना सगळं कळायचं. मग मी फळ्याकडे जाण्याआधी उत्तर डोक्यात काढायला शिकले. कच्चं काम वहीच्या शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, आणि घरी जायच्या आधी ते पान फाडून फ्रॉकच्या खिशात. बारावीला गणिताने घात केला तो केलाच, आणि मी बी.ए.ला गेले. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पाटी तेवढी त्यांनी पुसून फळीवर ठेवून दिली.

चुका लपवायची ती सवय माझ्याबरोबर विमानात बसून इथे आली. मैत्रीने गणित घातलं की मी काचेवर काही लिहायचेच नाही. ओठांतल्या ओठांत पाढे म्हणत उभी राहायचे आणि एकदम उत्तर लिहायचे. ती वैतागायची.

"आई, शो युअर वर्क! स्टेप्स कुठेत?"

"उत्तर बरोबर आहे ना?"

"पण हाऊ? मला कसं कळणार तू कुठे अडकतेस ते?"

मी कुठे अडकायचे ते मला चांगलं माहीत होतं. कंसाबाहेर वजा असलं की आतल्या दोन्ही पदांची चिन्हं बदलायची असतात. मी पहिलं बदलायचे आणि दुसरं विसरायचे. दर वेळी. मैत्रीने दुसऱ्या चिन्हाभोवती लाल वर्तुळ काढलं, गाणं केलं, माझ्या हाताच्या दोन बोटांना दोरे बांधले. तरी वजा दिसलं की मी तीच चूक करायचे. तिने पायऱ्या लिहायलाच लावल्या तर लिहून लगेच तळव्याने पुसून टाकायचे. रात्री भाकरी थापताना पिठात निळी झाक दिसायची.

मैत्रीचीही बोटं निळी असायची. मी घरात शिरायच्या आधीच मार्करचा वास सुटलेला असायचा आणि तिच्या शाळेच्या स्वेटरच्या कोपरांवर शाई असायची. "बघ जरा, नवीन स्वेटर!" म्हणून मी तिला किती वेळा ओरडले. ती म्हणायची, "सॉरी, मी जस्ट सेटअप करत होते." मला वाटायचं, पोरीला शिकवायची हौस आहे.

एकदा कोणाकडे तरी जेवण होतं. मराठी मंडळी, वीस-पंचवीस जण, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. तिथले एक काका, जुन्या काळी आलेले निवृत्त इंजिनिअर, माणूस मनाने चांगला, पण चारचौघांत फिरकी घ्यायची सवय. माझ्या कोर्सचं कळल्यावर म्हणाले, "वा वा, बघू मग, साइन थर्टी किती?"

मला येत होतं. त्याच दुपारी केलेलं होतं. पण हातात ताट, भोवती सगळे हसऱ्या चेहऱ्याने बघताहेत, आणि माझी बोबडी वळली. ते हसले नाहीत, तरी मला कुठेतरी खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात मागून मैत्री म्हणाली, "हाफ. इट्स हाफ, काका."

"अरे वा! आईपेक्षा मुलगी पुढे," काका म्हणाले आणि सगळे हसले. मैत्रीने माझा हात धरला. तिचा हात माझ्याहून गार होता. घरी येताना गाडीत मी तिला म्हटलं, "तुझं बरं आहे बाई, तुला कशाचीच भीती नाही." ती खिडकीबाहेर बघत होती. "हं," म्हणाली.

परीक्षेचा दिवस मला तुकड्यातुकड्यात आठवतो. खोलीतला कार्पेटचा वास, पेन्सिलींचा आवाज, माझ्या पुढच्या मुलाच्या मानेवरचा सूर्यफुलाचा टॅटू. पाढे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. मी ओठ हलवले की पर्यवेक्षक बाई माझ्याकडे बघायच्या, म्हणून मी तोंड गच्च मिटून जिभेने टाळूवर पाढे मोजत होते. सातवं गणित आलं. कंसाबाहेर वजा. कच्च्या कागदावर मी ते चारदा केलं आणि चारदा वेगळं उत्तर आलं. पाचव्यांदा बरोबर आलं असं वाटलं. मी स्वच्छ अक्षरात फक्त उत्तर पेपरात लिहिलं. कच्चे कागदही नाव घालून पेपरासोबत द्यायचे असा नियम होता. मला तो पाठ होता. पण त्या कागदांवर माझ्या चार चुका होत्या, खाडाखोड होती, सगळी लाज होती. वेळ संपल्याची सूचना झाली आणि माझ्या हातांनी ते दोन कागद घडी घालून पर्समध्ये टाकले. मी टाकले असं म्हणायला हवं, पण खरंच हात पुढे आणि मी मागे होते. बाईंनी ते पाहिलं.

शुक्रवारी ईमेल आली. प्राध्यापकांनी सोमवारी भेटायला बोलावलं होतं. बरोबर उत्तरं आहेत, रीत नाही, कागद बाहेर नेल्याची नोंद आहे. कॉपी केल्याचं ठरलं तर जागा गेलीच, आणि कॉलेजच्या नोंदीत ते कायम राहणार होतं. ते तीन दिवस मी काय खाल्लं मला आठवत नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. दाराची बेल वाजली तरी दचकत होते. रविवारी वंदना म्हणताना शब्द अर्ध्यात विसरले. मैत्रीने ईमेल वाचली होती. ती भांडी पुसत पुसत माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, डिड यू?"

"मैत्री!"

"सॉरी. सॉरी. मला माहितीये यू डिडन्ट. पण मग कागद का घेतलेस?"

तेरा वर्षांच्या मुलीला, जिच्या शाळेत चुका केल्या तरी शाबासकी देतात असं मी समजत होते, तिला मी काय सांगणार? काटोलचे गुरुजी? ओलं फडकं? मी म्हटलं, "सवय आहे." आणि मला इतकं रडू आलं की गॅस बंद करून मी बाथरूममध्ये गेले.

सोमवारी प्राध्यापकांच्या खोलीत मी ते दोन कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. पर्समध्ये सांडलेली कॉफीची पूड लागलेले, चुरगळलेले. उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ होते. त्यांनी कागद सरळ केले, बराच वेळ बघितले, आणि सातवं गणित समोरच्या फळ्यावर करून दाखवायला सांगितलं. माझ्यामागे त्यांची खुर्ची करकरली. मी फळ्याजवळ गेले आणि परत दहा वर्षांची झाले. तोंड मिटून जमेना, तेव्हा म्हटलं जाऊ दे, आता आणखी काय जायचं राहिलंय, आणि मी मोठ्याने म्हणायला लागले. मराठीत, बाबांच्या चालीवर. तेरा चोक बावन्न. तिसऱ्या ओळीत कंस आला आणि मी पहिलं चिन्ह बदललं, दुसरं नाही. लगेच दिसलं. तळवा फळ्याकडे गेला.

पुसू नका, ते म्हणाले. तसंच राहू द्या. खाली लिहा.

मी ती चूक तशीच ठेवून खाली लिहिलं. एवढी साधी गोष्ट, पण अक्षरं तिरपी गेली. चुकलेली ओळ सगळा वेळ माझ्या डोक्याच्या पातळीला, उघड्यावर होती. छत कोसळलं नाही. उत्तर आलं. त्यांनी मला बसायला सांगून पाणी दिलं आणि म्हणाले की तुम्ही पास आहात, पण तुम्हाला येतं त्यातलं अर्धं तुमच्या पर्समध्ये होतं, ते यापुढे मला पेपरात दिसलं पाहिजे. गाडीत येऊन मी काटोलला फोन लावला. तिकडे पहाट व्हायची होती. बाबांनी उचलला, मी सांगितलं, आणि पलीकडून ते फक्त नाक ओढत राहिले.

त्या संध्याकाळी मैत्रीने आणि मी मिळून दिसत होती तेवढी सगळी काच पुसली. मार्कर ड्रॉवरमध्ये गेले, सोफा होता तिथेच काचेला टेकून राहिला. पुढे माझी पदवी झाली, नोकरी लागली. मैत्रीने अकरावीत गणित सोडलं आणि मी चार घरी अभिमानाने सांगत फिरले की आमच्या मुलीला इतिहासाची आवड आहे. तिला आहेच आवड. कॉलेजातही तेच शिकते आहे.

आज सव्वाचारच्या सुमारास सरकती काच लख्ख झाली. मी दुसरीकडे वळले. वरचा भाग पुसला आणि खाली वाकले, तेव्हा पश्चिमेचं ऊन तिरपं आत येत होतं आणि सोफ्यामागे राहिलेल्या त्या काचेवर, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर, लिहिलेलं दिसलं.

मला आधी वाटलं हे माझंच. मग अक्षर ओळखलं. मैत्रीचं तेव्हाचं, गोल गोल. हडकुळी पोर सोफा आणि काच यांच्या फटीत शिरून बसायची असणार, तिथे कोपरं घासूनच लिहिता येतं. माझंच गणित होतं, कंसाबाहेर वजा असलेलं. तिने ते चारदा केलं होतं. चारदा चुकलं होतं. पहिलं चिन्ह बदललेलं, दुसरं नाही, माझ्यासारखंच. पाचव्यांदा बरोबर. शेजारी कुठल्या तरी व्हिडिओचा नंबर, आणि बाजूला साइन थर्टी, साइन फोर्टीफाइव्ह, साइन सिक्स्टी, शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं दहा दहा वेळा. हे तिला शाळेत कोणी शिकवलेलं नव्हतं. आठवीत नसतंच ते. आता मला हे माहीत आहे, तेव्हा विचारायचंही सुचलं नव्हतं. आणि सगळ्यात खाली, चौकट करून, स्वतःलाच दिलेली सूचना इंग्रजीत: साडेचारच्या आत पुसणे. से इट्स ईझी.

मी तिथेच फरशीवर बसले. तीन ते साडेचार. रोजचा दीड तास. मी डेकेअरमधून दुसऱ्यांच्या मुलांना समजावून घरी यायचे, आणि माझी मुलगी इथे एकटी या फटीत घाबरून बसलेली असायची. आणि मी तिला शाईवरून ओरडायचे. मला एकदम भलतीच भीती वाटली, जिच्यापुढे त्या परीक्षेच्या वेळची काहीच नव्हती. हे मला दिसलं नाही तर आणखी काय काय दिसलं नसेल?

फोन लावला. ती कुठेतरी चालत होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

"मैत्री, सोफा नेला आज. मागे काचेवर..."

"ओ माय गॉड." ती थांबली असावी, वारा कमी झाला. "ते अजून आहे? मी पुसलं होतं ना?"

"नाही पुसलंस."

"आई, पुसून टाक ना. प्लीज. सो एम्बॅरसिंग."

"तुला येत नव्हतं ते?"

"कसं येणार? मी आठवीत होते, यार." ती हसली, मग हसणं थांबलं. "मी रोज व्हिडिओ बघायचे. तू मध्येच काहीतरी वेगळं विचारशील म्हणून मला इतकी भीती वाटायची. पोटात दुखायचं, आई. बसमध्येच सुरू व्हायचं."

"मला सांगायचं ना, बाळा."

"तू ऑलरेडी इतकी घाबरलेली होतीस," ती म्हणाली. "दोघी कशा घाबरणार?"

बाहेर कुंपणाच्या कडेने लावे चालले होते. फोन स्पीकरवर टाकून मी फरशीवर ठेवला, काचेवर फवारा मारला आणि पुसायला घेतलं. सात वर्षांच्या उन्हाने शाई काचेत भाजून निघाली होती. फडकं जोरात घासलं, नखाने खरवडलं, नेलपॉलिश रिमूव्हर लावून पाहिलं. चौकटीतली अक्षरं जरा फिकी झाली, तेवढीच. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"आई? निघतंय का?"

"इट्स ईझी," मी म्हटलं, आणि पुन्हा घासायला लागले. काही निघत नव्हतं.